सात शालींखालचा माईक

सात वाजून बावीस मिनिटांनी विभूते सरांचा आवाज गेला. म्हणजे सर बोलत होते, ओठ व्यवस्थित हलत होते, पण माझ्या हेडफोनमध्ये नुसती खरखर येत होती.

मी लातूरच्या एका केबल चॅनेलवर साउंड बघतो. विभूते सर आमचे न्यूज अँकर. लातूर-नांदेडच्या लोकांना पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी सातला त्यांनी बातम्या सांगितल्या. निवडणूक असो की बैलबाजार, चेहरा तोच. त्या दिवशी त्यांचं शेवटचं बुलेटिन होतं, तेही लाइव्ह. साडेसातला आमचं मशीन आपोआप आरती लावतं. ती थांबवता येत नाही, कारण मशीन बसवणारा माणूस नोकरी सोडताना पासवर्डही घेऊन गेला.

दुपारी सर माझ्याकडे आले होते.

"कांबळे, शेवटची पाच मिनिटं मला पाहिजेत. घरच्यांना एक गोष्ट सांगायची हाय."

"मग घरी जाऊन सांगा की, सर."

"पंचवीस वर्षं तेच ठरवून राहिलो. तिच्यासमोर गेलं की तोंड उघडत न्हाई. कॅमेऱ्यासमोर जमतंय."

काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, रोजच्यासारख्या टीव्हीसमोर बसणार होत्या. मी म्हटलं, पाच मिनिटं तुमची.

घोळ घातला सत्काराने. चॅनेलच्या मालकांनी सांगून ठेवलं होतं, येतील त्यांना येऊ द्या. आले. अहमदपूरच्या मोंढ्यातले व्यापारी आले, चाकूरचे प्रेक्षक आले, हिमायतनगरहून एक भजनी मंडळ खास जीप करून आलं. प्रत्येकाची एक शाल, एक हार, एक नारळ. बातम्या दोनच झाल्या. सहा शाली झाल्यावर मालकांना राहवलं नाही. सातवी त्यांची, सगळ्यात वर.

अँकरच्या टायला करंगळीच्या पेराएवढा माईक चिमट्याने लावलेला असतो. आम्ही त्याला लेपल म्हणतो. तो आता सात शाली आणि सात हारांच्या खाली होता. सरांनी श्वास घेतला तरी कानात झेंडू घासत होता.

मालक धावत कंट्रोल रूममध्ये आले.

"कांबळे, लोकांचे फोन येऊन राहिले! सर मुके झाले का म्हणून!"

"शाली काढाव्या लागतील, साहेब."

"मग काढ की!"

"पहिली तुमचीच हाय."

मालकांनी काचेतून स्टुडिओत पाहिलं. शाल देणारे सगळे समोर खुर्च्यांवर बसलेले, कोणाची काढली हे बघायलाच जणू. "खालून काही करता येत न्हाई का?"

हातात धरायचा माईक आमच्याकडे एकच, आणि तो नांदेडच्या रिपोर्टरकडे. घड्याळात सात पंचवीस झाले होते. सर काचेतून माझ्याकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं.

मी रांगत स्टुडिओत गेलो, टेबलाखाली शिरलो आणि शालींखालून हात वर घातला. विभूते सरांना गुदगुल्या होतात हे मला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षांत ज्या माणसाच्या मिशीचा केस हलला नव्हता, तो दोन जिल्ह्यांसमोर खिदळायला लागला. आवाज जात नव्हता, तेवढंच नशीब.

माईक हाताला लागला, पण लावायचा कुठे? गळ्यात सगळा झेंडू. टेबलावर नारळ. सरांच्या दोन्ही हातांत शेवटचा नारळ. मी चिमटा त्याच्या शेंडीला लावून टाकला.

"सर, नारळात बोला," मी खालून म्हणालो. हे वाक्य लाइव्ह गेलं.

सरांनी नारळ तोंडाशी धरला. दोन मिनिटं उरली होती.

"सुशीला," ते म्हणाले. बातम्यांची भाषा पार गळून गेली. "पंचवीस वर्षं मी सातला इथं बसलो, तू तिकडं एकटी ताट घेऊन. मी साऱ्या गावाची खबर सांगितली, तुला जेवलीस का म्हणून कधी विचारलं न्हाई. लई चुकलं माझं. उद्यापासून सातला मी तुझ्या शेजारी बसणार हाय. वाढशील ना?"

आरती सुरू झाली. मी टेबलाखालीच डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

पाचच मिनिटांत स्टुडिओचा फोन वाजला. काकू होत्या. मालकांनी स्पीकर लावला.

"अहो, नारळात कशाला बोलून राहिले? शेजारचे हसून राहिले इथं." मग आवाज जरा मऊ झाला. "ऐकलं मी. उद्यापासून कशाला? आज काय उपास हाय का? आजच या. मी थांबलेय."

सरांनी एकही शाल न काढता स्कूटर काढली.

आमच्याकडे आता नियम आहे: सत्काराला माईक शेवटच्या शालीनंतर लावायचा. आणि नव्या अँकरबाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरच्यांना काही सांगायचं असेल तर घरूनच सांगून येत जा. साउंडवाल्याच्या भरवशावर पंचवीस वर्षं थांबू नका.