पालथा गिलास

जे आहे त्याची काळजी जगात सगळेच घेतात. जे मुळात नाहीच, त्याची जिवापाड काळजी घेऊन संसार चालवणारा माणूस आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. मेव्हणीसाठी स्थळ बघायला आम्ही नळदुर्गला गेलो, तेव्हा हा गृहस्थ हायवेलगतच्या वडिलांच्या ढाब्यावर, बाजेवर मांडी ठोकून लॅपटॉप बडवत बसला होता. सासऱ्यांनी विचारलं, "आपण काय काम करता?" हा नम्रपणे म्हणाला, "नसलेली यंत्रं सांभाळतो." सासरे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी तुळजापूरच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर, म्हणजे सासुरवाडीत शहाणा समजला जाणारा. मी आपली मान डोलावली आणि लग्न जमलं. तेव्हापासून 'धाकटे जावई नेमकं करतात काय?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

तर मला कळलंय तेवढं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात, अगदी तळाशी, कर्नेल नावाचा एक प्रोग्राम असतो. कीबोर्ड, कॅमेरा, प्रिंटर, जे काही जोडाल त्याची तो नोंद ठेवतो. नाव काय, नंबर काय, आणि या घडीला ते कोण कोण वापरतंय. गंमत अशी की प्रिंटर नसतानाही 'प्रिंटर आहे' असं या कर्नेलला पटवता येतं. असली आभासी यंत्रं जन्माला घालायची, त्यांची बारशी करायची आणि काम संपलं की त्यांना सुखरूप निरोप द्यायचा, हा आमच्या साडूचा धंदा. बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी तो हे नळदुर्गात बसून करतो.

एकदा मी त्याला शाळेत नेण्याची चूक केली. आमचा निकालपत्रकाचा जुना प्रोग्राम प्रिंटर जोडल्याशिवाय उघडायचाच नाही, आणि प्रिंटर तर केव्हाच वारलेला. साडूनं तासाभरात नसलेला प्रिंटर जोडला. प्रोग्राम खुशीत सुरू झाला आणि वर 'छपाई पूर्ण' असंही म्हणाला. हेडमास्तर हात पुढं करून उभे. "कागद कुठाय?" "कागद न्हाय सर. छपाई झाली." असं म्हणून हा चपला घालून निघाला! त्या छपाईची फाईल आत तयार होती, ती चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली की झालं, एवढं एक वाक्य बोलायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. हेडमास्तर आजही माझ्याजवळ त्याची चौकशी 'तुमचे ते बिनकागदाचे पाव्हणे' अशीच करतात.

एका नावाची दोन यंत्रं कर्नेल खपवून घेत नाही म्हणे. नाही तर नाही, पण यानं तो कायदा आमच्या घरात आणला. माझी बायको सुनीता, आणि त्याची चुलतबहीणही सुनीता. तामलवाडीच्या एका लग्नात दोघी समोरासमोर आल्या आणि यानं भर मांडवात निकाल दिला, "घोळ नको. आपल्या ताई सुनीता-शून्य, आणि ही सुनीता-एक." बायको महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. तो मात्र कळवळून सांगत होता, "अवो ताई, मोजणी शून्यापासून असती. शून्य म्हंजी पहिली! लई मान असतोय शून्याला." त्याच मांडवात जेवणं उरकल्यावर खुर्च्या उचलायच्या होत्या, तर हा प्रत्येक रिकाम्या खुर्चीपाशी उभा राहून ओरडत होता, "हिच्यावर कुणी हाय का?" नवरीचा मामा वैतागून म्हणाला, "अहो पाव्हणं, दिसत न्हाय का, कुणीच न्हाय!" यावर साडूचं उत्तर, "दिसत न्हाय म्हंजी न्हायच, असं कुठं असतंय?"

ही खोड मात्र कर्नेलची नव्हे, ढाब्याची. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. धोतर, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. अप्पांच्या ढाब्यावर एक शिस्त होती. ड्रायव्हर जेवला, की पाण्याचा गिलास बाजेवरच्या फळीवर पालथा घालायचा. पालथा गिलास म्हणजे माझं झालं, बाज दुसऱ्याला द्या. गिलास उताणा असेल तर तो माणूस टायर बघायला नाहीतर हातपाय धुवायला गेलाय, परत येणार. मग बाहेर गिऱ्हाइकांची कितीही गर्दी असो, त्या बाजेला हात लावायचा नाही. गिलास पालथा दिसला की अप्पा गल्ल्यावरून हाळी द्यायचे, "आयतु!" झालं, संपलं, अशा अर्थाचा तो कानडी शब्द. साडू लहानाचा मोठा झाला तो ही हाळी ऐकत.

अप्पांना एकच दुःख होतं. पोरगं काय करतं ते त्यांना कळत नव्हतं. तालेवार गिऱ्हाइकांना ते पोराची ओळख 'कॉम्पुटरात असतोय' एवढीच करून द्यायचे आणि घाईनं विषय बदलायचे. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. खरं सांगा, ह्ये काम हाय का नुसता खेळ हाय?" मी ठोकून दिलं, "लई मोठं काम हाय अप्पा." पण म्हाताऱ्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मला खाली बघावं लागलं. साडूला हे सगळं ठाऊक होतं. तो बोलायचा नाही, पण बापाला एकदा समजावं म्हणून त्याचा जीव तुटायचा.

अशात त्याला कर्नेलमध्ये एक चूक सापडली. एखादा प्रोग्राम आभासी यंत्र वापरत असतानाच कर्नेल ते काढून टाकायचं आणि सगळा कॉम्प्युटर जागच्या जागी कोसळायचा. यानं दुरुस्ती लिहून परदेशातल्या राखणदाराकडे पाठवली. कर्नेलच्या प्रत्येक भागाला असा एक राखणदार असतो, त्याच्या संमतीशिवाय आत काडीही जात नाही. तीनदा पाठवली, तीनदा परत आली. तिसऱ्यांदा शेरा होता, 'हे कशासाठी, ते समजेल असं लिहा.' साडूनं मला बोलावून घेतलं. त्याचं इंग्रजी वाचून माझंच डोकं गरगरायला लागलं. मी चिडून म्हणालो, "अरे बाबा, सोप्या भाषेत सांग की! यंत्र काढायचं तर अडचण काय आहे?"

आम्ही ढाब्यावरच बसलो होतो. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि समोरचा पाण्याचा गिलास बोटानं दाखवला. "ह्यो गिलास उताणा हाय. तरी कुणी बाज उचलली तर काय हुईल?"

गल्ल्यावरून अप्पा ओरडले, "मानूस परत यिऊन तोंडावर पडंल की!"

"तेच, अप्पा. कर्नेल तसंच करायलंय. गिलास बघतच न्हाय. म्या त्येला गिलास बघायला शिकवायलोय."

अप्पा उठून आमच्यापर्यंत आले. त्यांनी तो गिलास उचलून बघितला. मग म्हणाले, "येवढंच व्हय? आरं, मंग ह्ये तर म्या जलमभर करायलोय!" आणि एवढ्या मोठ्यानं हसले की आतून आचारी बाहेर आला. त्या दिवशी त्यांनी येईल त्या गिऱ्हाइकाला थांबवून पोराचं काम समजावून दिलं. शप्पत सांगतो, माझ्यापेक्षा बरं समजावलं. मी ढाबा, बाज, गिलास, सगळं जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं, 'आता समजलं. घेतो.' अप्पांनी पेढे वाटले.

पण त्याच यशानं घोटाळा केला. कंपनीनं साडूला वरची जागा देऊ केली आणि सांगितलं, बेंगळुरूला राहायला या. इकडे नवा हायवे गावाबाहेरून गेला होता, ट्रक ढाब्यावरून जायचे बंद झाले होते, आचारीही लेकाकडे गेला होता. बाजा एक एक करून पाहुण्यारावळ्यांना दिल्या आणि दोनच उरल्या. साडू म्हणायचा, "अप्पा, तुमी बी चला." अप्पा म्हणायचे, "म्या इथनं हालत न्हाय. तू जा." दोन महिने हेच चाललं. मेव्हणीनं मला बोलावून घेतलं, की मास्तर, तुम्ही तरी काहीतरी बोला. मी जाऊन काय बोलणार, कपाळ! चहा पीत बसलो.

दुपारची वेळ होती, साडू समोरच्या बाजेवर लॅपटॉप घेऊन बसला होता. अप्पा आपल्या बाजेवर बसून पाणी पीत होते. पाणी संपलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं गिलास पुसला, फळीवर पालथा घातला, आणि रस्त्याकडे बघत हळूच म्हणाले, "आयतु. आता माज्यासाठी थांबू नगंस."

साडू लॅपटॉप बाजूला ठेवून उठला. त्यानं गिलास उचलला, माठाशी जाऊन काठोकाठ भरून आणला आणि अप्पांपुढं फळीवर उताणा ठेवला.

"अप्पा, गिलास पालथा पडला व्हता."

"पडला न्हाय. म्या घातला."

"म्हाईत हाय," साडू म्हणाला आणि परत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.

बेंगळुरूची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. साडू आहे तिथंच आहे, नसलेली यंत्रं सांभाळतोय. मेव्हणी कुरकुरते अधूनमधून, पण अप्पांचा गिलास रिकामा दिसला की आधी तीच भरते. अप्पा संध्याकाळी काठी टेकत रस्त्यापर्यंत जातात, एखादा वाट चुकलेला ट्रक येतोय का बघतात आणि परत येतात. बाज जागेवर असते.

परवा रविवारी मी गेलो होतो. निघताना जुन्या सवयीनं माझा हात गिलास पालथा घालायला गेला. अप्पा बघत होते. मी गिलास तसाच उताणा ठेवला आणि म्हणालो, "येतो अप्पा." अप्पा म्हणाले, "या. बाज हितंच हाय."