पसरणीचा घाट आणि बारीक रिंगा

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, फौजेतून मोकळा झालो आणि कडेगावला घरी न बसता थेट सांगलीला तात्यांच्या गॅरेजात गेलो… तेव्हाची ही गंमत. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. विहिरीवरच्या आणि गुऱ्हाळाच्या ऑइल इंजिनांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

मी फौजेत मोटारी उघडल्या होत्या, त्यामुळे जरा तोऱ्यातच असायचो. तात्यांनी आल्या दिवशीच बजावलं होतं, एक इंजिन जरी बिघडवलंस तरी पाना खाली ठेवायचा आणि गावाकडं उसाला पाणी पाजायला जायचं. मला ऊस नको होता… मला मोटारीच पाहिजे होत्या.

अशात एक डॉक्टर त्यांची दोन सीटची स्पोर्ट्स कार घेऊन आले. पिस्टनभोवती दाब धरणाऱ्या रिंगा पार झिजलेल्या, गाडीत जोर नाही. आणि येत्या रविवारी वाईहून पाचगणीला, पसरणीच्या घाटात, पुण्याच्या मित्राशी शर्यत ठरलेली! पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं, दोघांनीही पोटाला चिमटा काढावा तसं साठवलेलं.

नव्या रिंगा कुठल्या घालायच्या यावरून आमची चांगलीच जुंपली. तात्या म्हणत होते, इथल्याच फाउंड्रीत ओतलेल्या जाड रिंगा घेऊ, पिस्टनच्या खाचा लेथवर रुंद करू आणि रिंगेच्या कापलेल्या टोकांत फट ठेवायचीच नाही. पाण्याच्या इंजिनाला ते असंच करायचे, आणि ती इंजिनं चालायचीही.

माझं म्हणणं, ते इंजिन सावकाश फिरतं, हे भिंगरीसारखं फिरणार. जाड, जड रिंग एवढ्या वेगात सिलिंडरची भिंत सोडून थडथडते. आणि घाटात तापून वाढली की टोकं एकमेकांना भिडतात, मग इंजिन जाम… म्हणून मुंबईहून मागवलेल्या बारीक रिंगाच हव्यात, टोकांत नीट फट ठेवून.

तात्यांनी त्यातली एक बारीक रिंग बोटात फिरवून पाहिली. "ह्या रिंगा हायत का बांगड्या रं?" म्हणाले. पण डॉक्टरांनी माझी बाजू घेतली, तेव्हा तात्यांनी अंग काढून घेतलं.

शनिवारी सकाळीच रिंगा बसवून मी कपडे आणायला कडेगावला गेलो. रविवारी पहाटे परत आलो आणि आम्ही निघालो, डॉक्टर आणि मी. सांगली सोडली नाही तोच मागे निळा धूर… कराड गेलं, सातारा गेलं, धूर काही थांबेना. तेल वर चढून जळत होतं. मी बाहेरून शांत होतो, पण मनातून पुरता हादरलो होतो.

वाईला पुण्याचे पाहुणे, म्हणजे डॉक्टरांचे ते मित्र, वाटच पाहत होते. त्यांनी विचारलं, गुऱ्हाळ पेटवून आणलंत का? तात्या आदल्या संध्याकाळीच प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने निघून आमच्या आधी येऊन पोचले होते. ते मात्र हसले नाहीत.

मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काल तू गेल्यावर नारळ फोडला, आन इंजिन जागच्या जागी दिवसभर चालू ठिवलं. नव्या इंजिनाला आमी तसंच करतो गड्या."

माझ्या जिवात जीव आला! गाडी न ओढता नुसत्या चालू ठेवलेल्या इंजिनात दाब नसतो. रिंगा भिंतीला घासून बसतच नाहीत, भिंत उगाच गुळगुळीत होते आणि तेल वर जातं. त्यातून डॉक्टरही सांगलीपासून गाडीला बाळंतिणीसारखं जपत आले होते. मी त्यांना सांगितलं, आता अजिबात जपू नका, जोर लागला की रिंगा बसतील… पहिल्या वळणापासून दाबा.

आमच्या गाडीत जागा नव्हती, म्हणून तात्या पाहुण्यांच्या गाडीत बसले. ती पुढे सुटली. आमच्यामागे सुरुवातीला एवढा धूर की रस्ता दिसेना. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी म्हणायचो दाबा… मग तिसऱ्या-चौथ्या वळणाला धूर विरळ झाला. गाडीने असा काही जोर धरला की मी सीटला चिकटलो.

वरच्या टप्प्यात आम्ही त्यांना मागे टाकलं. मी वळून पाहिलं तर तात्या अर्धे उभे राहून आमच्या सायलेन्सरकडे बघत होते. धुराचा मागमूस नव्हता!

पाचगणीत पाहुणे कुरकुरत होते, की तुमच्या तात्यांच्या वजनानं आम्ही हरलो. तात्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी वाकून सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं… कोरडं, तेलाचा ओशटपणा नाही. धोतराला बोट पुसत ते डॉक्टरांकडे वळले.

"आवं डॉक्टर, हितनं फुडं मोटारीचं काय असंल ते ह्येलाच इचारा. मी आपला पाण्याच्या इंजिनांचा."

पुढे मी जन्मभर मोटारीच दुरुस्त केल्या. पण चारचौघांत आपली चूक मानून थेट पुतण्याच्या हातात धंदा देणारा चुलता मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्यासमोर कधी बोलता आलं नाही… आज चारचौघांतच म्हणतो. तात्या, लय उपकार झाले.