शुभाच्या तारेतल्या पोचपावत्या

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी टेंभी नाक्यावर रिक्षाची वाट बघत होते. तिचा भाऊ बोलत होता. साधा ताप समजून तिने पंधरा दिवस अंगावर काढला, मग कावीळ झाली आणि बेचाळिसाव्या वर्षी माझी मैत्रीण संपली... त्या दिवशी मला रडू आलं नाही. ते दहा दिवसांनी शोकसभेत आलं, आणि तेही दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. आमचे जर्मनचे सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शुभाला परदेशी मी पाठवलं. मुलगी बेताच्या परिस्थितीतली. पण मी म्हटलं, भाषा शिकायची तर तिथे जाऊनच शिक." लोकांनी माना डोलावल्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत माणसाबद्दल तसा नियम नाही, हे फार बरं आहे. सरांचं नाव मी लिहीत नाही. ठाण्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

वीस वर्षांपूर्वी सरांच्या क्लासात आम्ही एका बाकावर बसायचो. मी ठाण्यातली, खाऊनपिऊन सुखी घरातली. शुभा आंबिवलीहून यायची, वडील कारखान्यात फिटर. गृहपाठ ती करायची आणि मी तिची वही उतरवायचे. जर्मनीतल्या एका भाषाशाळेत चार महिन्यांचा अभ्यासक्रम होता, आणि सरांनी शिफारस केलेल्या मुलांना तिथे निम्मी फी माफ व्हायची. आम्ही दोघींनी एकाच संध्याकाळी आपापले अर्ज सरांच्या हातात दिले. दीड महिन्याने मला प्रवेशाचं पत्र आलं. शुभाला आलं नाही. "येईल गं, आमच्याकडे पोस्टमनच दोन दिवसांनी उगवतो," असं ती हसत म्हणायची आणि रोज त्याला गाठून विचारायची. शेवटी एके दिवशी सरांनी ड्रॉवर उघडून तिचा अर्ज तिच्यासमोर ठेवला. "तुझ्या भल्यासाठीच थांबवला. फी निम्मी झाली तरी तिथे राहणार कुठे, खाणार काय? हे सगळं परवडायला नको का?" मी शेजारी उभी होते. तोंडातून चकार शब्द काढला नाही. जिना उतरताना मी तिला म्हटलं, "पुढच्या वर्षी बघ." इतकं नालायक वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही. आणि मग मी बॅग भरून गेलेसुद्धा.

शुभा रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "मी जाणार. आणि ह्या माणसाच्या डोळ्यांवर येईल अशी जाणार." वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तिने दीड वर्ष निर्यातीची कागदपत्रं टाइप केली. सरांकडे पुन्हा शिफारस मागायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे फी पूर्ण भरावी लागणार होती. नवा अर्ज पाठवला त्या दिवशी ती पावती नाचवत माझ्या घरी आली. "मी स्वतः गेलेले कुरिअरवाल्याकडे. समोर वजन करून घेतलं, शिक्का मारून घेतला. आता कोण अडवतो बघू!" ती मुद्दाम ऐन थंडीत गेली, कारण तेव्हा विमानाचं तिकीट स्वस्त मिळत होतं. वसतिगृहाऐवजी गावाबाहेर एका एकट्या म्हातारीकडे खोली घेतली. दारातला बर्फ ओढायचा आणि बाजारहाट करायचा, त्या बदल्यात भाडं जवळपास नाहीच. शाळेत जाऊन-येऊन दीड तास चाल. बॅगेत कपड्यांपेक्षा भाजणी आणि मेतकूट जास्त. म्हातारी महाखडूस होती. भांडी नीट घासली नाहीत म्हणून करवादायची, आणि शुभा तिला तिच्याच भाषेत उलट उत्तरं द्यायची. मी वसतिगृहाच्या उबेत दिल्लीच्या मुलींशी हिंदीत गप्पा मारून परत आले होते. शुभा परत आली ती त्या भाषेत भांडायला आणि हसायला शिकून. तिच्यापुढे माझं जर्मन पाठ केलेल्या धड्यासारखं वाटायचं.

मग तिने सूड घेतला. घरून सोपं पडेल म्हणून मी तिला डोंबिवलीतली एक जागा सुचवली होती, भाडंही कमी होतं. "नको, मला जिना तोच पाहिजे," म्हणाली, आणि सरांच्या क्लासच्या बरोब्बर वरची खोली तिने घेतली. जिन्याच्या तोंडाशी, सरांना रोज वाचावी लागेल अशी पाटी लावली : 'परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे अर्ज भरून मिळतील. परवडणार नाही म्हणून कोणाचाही अर्ज थांबवला जाणार नाही.' पोरं सरांच्या दारावरून वर जायला लागली. कुठल्या महिन्यात जायचं, एकट्या म्हाताऱ्या माणसांकडच्या खोल्या कशा शोधायच्या, कुकर नेण्याइतकं वजन बॅगेत कसं वाचवायचं, हे सगळं ती व्याकरणाइतक्याच कडकपणे शिकवायची. आणि गेलेल्या प्रत्येक अर्जाची पोचपावती आपल्या खुर्चीमागे, वाण्याच्या दुकानात असते तशा तारेत टोचून ठेवायची. अर्ज ऑनलाइन जायला लागले तरी पोच आल्याचा मेल छापून घ्यायची आणि टोचायची.

तीन वर्षांपूर्वी मी शुभाकडे बसलेली असताना एक मुलगी वर आली. सरांची नात. आजोबांनी वर जायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी आली. ती गेल्यावर मी शुभाला म्हटलं, "ठेव तो अर्ज ड्रॉवरमध्ये. दीड महिना राहू दे. कळू दे म्हाताऱ्याला." मी अजिबात गंमत करत नव्हते. शुभाने माझ्यासमोरच तो पाठवला. मुलीला प्रवेश मिळाला त्या दिवशी तिने पोचपावतीची झेरॉक्स काढली आणि खाली जाऊन सरांच्या बंद दाराखालून आत सरकवली. वर एक अक्षर लिहिलं नाही.

"बस, एवढंच?" मी चिडून विचारलं.

"पुरे गं. आठवेल त्याला."

नाही आठवलं, शुभा. शोकसभेत माईक हातात धरून तो माणूस तुझं जाणंसुद्धा स्वतःच्या नावावर करून गेला, आणि मी वीस वर्षांपूर्वीसारखीच शेजारी गप्प बसले...

तिच्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे. परवा जाऊन मी टेबलावर राहिलेले सहा अर्ज पाठवले आणि त्यांच्या पोचा तारेत टोचल्या. तेव्हा पहिल्यांदाच मी ती तार खाली उतरवून शेवटपर्यंत पाहिली. सगळ्यात तळाशी पावती नव्हती. तिचा तो पहिला अर्ज होता, पिवळा पडलेला. शिफारशीची जागा कोरी. इतकी वर्षं ती त्याच्यावर एकेक पावती चढवत होती.

हा लेख छापून आला की त्याचं कात्रण मी सरांना पोस्टाने पाठवणार आहे. पोस्टात स्वतः जाईन, समोर वजन करून घेईन, शिक्का मारून घेईन. सरांची सही होऊन पोचपावती परत आली की ती त्याच तारेत टोचीन, सगळ्यात वर.