दाराला बांधलेलं दावं

आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरकडच्या दाराला दावं बांधलेलं होतं. वासराला बांधतात तेच. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं सीटखालच्या लोखंडाला. माझ्या थोरल्या दिरांनी ते बांधलं, हात झटकले आणि म्हणाले, "घ्या, झालं काम." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ट्रक जुना. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो दुसऱ्याचा वापरलेलाच घेतला होता. दिवाळीच्या आधी निलंग्याकडचं सोयाबीन लातूरच्या आडतीला न्यायचं, पुढं उसाचे दिवस आले की कारखान्याचा रस्ता. माणूस कष्टाला वाघ, पण स्वतःच्या जिवाची फिकीर न्हाई. त्या पावसाळ्यात एका वळणावर चालत्या गाडीत ते दार उघडलं. हे स्टेअरिंगला लटकले म्हणून वाचले. घरी येऊन सांगताना स्वतःच हसायला लागले, आणि ओट्यावर बसलेले सगळे त्यांच्याबरोबर हसत होते. एकजण म्हणाला, "ड्रायव्हर खाली अन् गाडी एकटीच लातूरला." मला कळेना, ह्यात हसण्यासारखं काय होतं. तो ओटा त्याच दिवशी धुऊन काढावा असं वाटलं मला, माणसांसकट.

मग गाडी चौकातल्या मिस्त्रीकडं गेली. दार जिथं अडकतं ती खांबावरची खुंटी त्यानं ढिली केली, खाली सरकवली, वरून दोन हातोडे हाणले. दार लागलं. मिस्त्री खूश, मालक खूश. रोग रेड्याला आन् औषध पखालीला. मी तिथं असते तर त्याचा हातोडा त्याच्याच हातात गरम करून दिला असता. कारण माझे वडील उदगीरला ट्रकच्या बॉडीचं काम करायचे, आणि त्यांचं एक बोलणं माझ्या कानात बसलेलं आहे: दार लागत नसलं तर कुलपाकडं बघू नको, बिजागरीकडं बघ. मी हे घरात सांगितलं. थोरले दीर म्हणाले, "तू भाकरी कर." केल्या. दार पुन्हा खडखडायला लागलं तेव्हा दिरांनी ते दावं बांधलं.

त्याच सुमारास आमच्या मालकांना एक नवी सवय लागली. गाडी चालवताना उजवा हात खिडकीबाहेर टाकायचा, कोपर दारावर, आणि स्टेअरिंग एका हातानं. गावात चेष्टा सुरू झाली, "काय नवाबी थाट हाय." मलाही पटलं, की ह्या वयात ह्यांना ऐट सुचली. त्यांच्या एकेका शर्टाची उजवी बाही कोपराखाली विरून जायची. मी ती शिवायची आणि शिवता शिवता त्यांच्या ऐटीचा उद्धार करायची. ते नुसते ऐकून घ्यायचे.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. पाने, जॅक, टॉमीचा दांडा, हातोडा, नटबोल्टचा डबा, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा बसवली की दसऱ्याला सोनं लुटून झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि ट्रकला दरवर्षी नवा रंग. जुन्या रंगावर रंग, धुळीवर रंग, गंजावर रंग. आमचे मालक दार रंगवत बसले होते आणि ब्रश बिजागरीवरून असा फिरत होता, जणू भिंतच सारवतायत. मी म्हटलं, "थांबा जरा." दार अर्धं उघडलं, खालच्या टोकाला दोन्ही हात घातले आणि वर उचललं. दार उचललं गेलं. वरची बिजागरी खांबापासून हलली आणि ओला रंग रेषेसारखा फाटला.

मी चाकूनं तो रंग खरवडला. थरावर थर निघत गेले. आत एक बोल्ट जागेवरच नव्हता. भोकात रंग बसला होता, आणि तो रंग वरून एवढा गुळगुळीत होता की बोल्टच वाटावा. बाकीचे बोल्ट बोटानं फिरत होते. म्हणजे दरवर्षी पूजा करायची, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू चिरडायचं, आणि ज्याच्यावर माणसाचा जीव टांगलाय ते भोक रंगानं बुजवायचं. वा रे भक्ती.

सोयाबीन घेऊन हे दसऱ्याच्या पहाटेच लातूरला निघणार होते, सोनं लुटायच्या कितीतरी आधी. मी सरळ पाटाकडं गेले आणि पाना उचलला.

"ठेव तो," थोरले दीर म्हणाले. "देवाला बसवलेलं हत्यार हाय."

"हत्यार कशाला असतंय, भाऊजी?"

"एका खेपेत काय होत न्हाई. दावं हाय की."

"दावं जनावराला बांधतात. माझा नवरा जनावर न्हाई. तो रस्त्यावर पडला तर हा पाना घेऊन कुणाची पूजा करायची मी?"

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. मला वाटलं आता आणखी एक तोंड उघडणार. त्यांनी माझ्या हातातल्या पान्यावरचं फूल काढून घेतलं, पाटावर ठेवलं आणि आत गेल्या. दीर बाजूला सरकले.

दाराखाली जॅक लावला, मध्ये लाकूड आणि जुनं पोतं घातलं. दार हळूहळू वर घेतलं, कडेची फट वरखाली सारखी दिसेपर्यंत. भोक साफ करून डब्यातला बोल्ट घातला आणि सगळे बोल्ट आवळले. मिस्त्रीनं खाली सरकवलेली खुंटी पुन्हा वर नेली. तिची जुनी खूण तिथंच होती, कुणी बघितलीच नव्हती. मग दार लोटलं. एका बोटानं लागलं. दावं मी कापून गोठ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही गाडीत चढून बसले. माझं काम मला बघायचं होतं. दार गप्प होतं. पहिलं वळण आलं आणि ह्यांचा उजवा हात खिडकीबाहेर गेला. ह्या वेळी मी शेजारून बघत होते. हात नुसता टाकलेला नव्हता. बोटांनी खिडकीची खालची कड बाहेरून पकडली होती, कोपर पत्र्यात रुतलं होतं, आणि मानेच्या शिरा ताणल्या होत्या. वळण संपलं तसा हात सैल झाला.

"दार नीट झालंय," मी म्हटलं. "हात आत घ्या."

"हो की," ते म्हणाले. "सवय झाली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. चारचौघांत हसणारा हा माणूस सगळा पावसाळा वळणावळणाला ते दार छातीशी ओढून धरत होता.

"मला का न्हाई सांगितलं?"

त्यांनी गिअर बदलला. "सांगितलं असतं तर मी घरी येईस्तोवर तू जेवली असतीस का?"

राग असा आला की काय सांगू. लातूर येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले. आडतीवर उतरताना एवढंच म्हणाले, "ह्यापुढं बाही फाटली तर मी शिवणार न्हाई."