तांबडं न दिसणारी फिल्म

कुंदाताई गेल्याचा फोन लोधिवलीला आला तेव्हा मी अर्धी दाढी करून आरशासमोर उभा होतो. त्याला सात आठवडे झाले. माझी ही चुलतबहीण पोशीरला एकटीच राहायची. तिच्या दहाव्याला गेलो, तर कुंपणावर फ्लेक्स... 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली तिनंच काढलेला घरामागच्या डोंगराचा फोटो. लावणारे कोण, तर तोच डोंगर फोडून बंगल्यांचे प्लॉट विकणारे. मी तो सगळ्यांदेखत टराटरा फाडला. "दहाव्याच्या दिवशी असं करतात का?" कुणीतरी म्हणालं. करतात. अजून माझे हात शिवशिवतात.

माथेरानच्या एका स्टुडिओत ताई वर्षानुवर्षं फोटो धुवायची. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकानं जुना लाकडी कॅमेरा तिला दिला. त्यात रीळ नसतं, पोस्टकार्डाएवढी सुटी फिल्म एकेक घालायची. काळ्यापांढऱ्या शीट फिल्म, पण तिच्या मते प्रत्येकीचा डोळा निराळा. म्हणून ती एकाच जागी, एकाच उन्हात, दोन जातींच्या फिल्मवर तोच डोंगर काढायची आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून तासभर बघत बसायची. मी रविवारी तिची तिपाई उचलायला जायचो. त्यातल्या पॅन जातीच्या फिल्मवर डोंगर करडा, साधा यायचा. दुसऱ्या, ऑर्थो जातीच्या फिल्मवर मात्र गवत उजळायचं, सावल्या गर्द व्हायच्या... बघत राहावं असा.

प्लॉटवाल्यांनी कॅलेंडरसाठी फोटो मागितला तेव्हा ताई घरी नव्हती. मी दिला. सुंदर होता म्हणून ऑर्थोचा दिला. हे लिहिताना स्वतःचीच चीड येते.

पुढं शेतकऱ्यांनी तक्रार केली, की वर डोंगर कापलाय, पावसात माती खाली येणार. पाहणीला सरकारी साहेब आले, आधी गावात बैठक बसली. प्लॉटवाल्यांच्या माणसानं तोच फोटो पुढं केला. "बघा साहेब, यंदाचाच फोटो हाय, आन् तो बी यांच्याच बाईंनी काढलेला. कुठं कापलाय? समदी झाडीच हाय."

ताई उठली. पिशवीतून दुसरा फोटो काढून तिनं शेजारी धरला. त्यात डोंगराच्या कमरेला लांबलचक पांढरट जखम होती. "साहेब, एकाच सकाळचे हायत दोन्ही. त्या फिल्मला तांबडं दिसत नाय. तांबडी माती तिच्यावर काळी येते, झाडीसारखी. खोटं वाटतंय तर घरी चला. लाल दिव्याखाली ती फिल्म उघडी धुऊन दाखवते, काय बिघडत नाय तिचं."

"मंजे फिल्म आंधळी का बाई आंधळी?" तो माणूस म्हणाला. लोक हसले. ज्यांच्या शेतासाठी ती उभी होती तेही हसले! साहेबांनी सुंदर फोटो फायलीत घातला. डोंगराकडे चालत जायला वीस मिनिटं लागतात... कुणी गेलं नाही. मी मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलो होतो.

आषाढात माती आली. ताईच्या दोन खाचरांतली लावणी गुडघाभर चिखलाखाली गेली. मी भेटायला गेलो तर तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. महिनाभर बोलली नाही. मग एका रविवारी फोन आला. "मधू, येतोस ना रं? कापलेल्या डोंगराचा फोटो परत काढायचा हाय. फिल्म मी निवडीन. तू नुसता उचल." तेव्हापासून दर रविवारी गेलो. माफी मागायची राहिली, आणि ताई ती मागायला लावणाऱ्यातली नव्हती.

परवा तिच्या मोरीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. शेवटच्या रविवारचा होल्डर, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म घालायची चपटी पेटी, मांडणीवर तसाच होता, दोन्ही बाजूंना एकेक फिल्म, न धुतलेली. दार लावलं, फटीत गोधडी कोंबली आणि झाकण सरकवलं. प्रत्येक जातीच्या फिल्मला कोपऱ्यावर वेगळ्या खाचा असतात, ताई त्या बोटानं वाचायची. मीही कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. खाचा लागल्या... पण लाल दिवा चालणारी फिल्म कुठली आणि न चालणारी कुठली, ते मला सांगता येईना. इतकी वर्षं तिपाई उचलली आणि हे एकदाही विचारलं नाही. मी झाकण परत बंद केलं. नेरळला एक म्हातारे फोटोग्राफर आहेत. रविवारी त्यांच्याकडे शिकायला जाणार आहे.