निळा रंग जिथे संपला

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे कात्री म्हणत, आणि तेही तोंडावर. मजकूर कितीही ऐसपैस येवो, तिच्या टेबलावरून तो दिलेल्या जागेत बसूनच पुढे जायचा. तिला ते नाव आवडायचं. लग्न मोडलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती, "जास्तीचा परिच्छेद होता, काढला."

आठवड्यातून दोनदा तिच्या समोरच्या खुर्चीत एक शास्त्रज्ञ येऊन बसू लागला, तेव्हा मात्र तिचं डोकं उठलं. मागे पेपरने 'शहर बुडणार' असा मथळा ठोकला होता आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने त्यावरून चारचौघांत खडसावलं होतं. मग दोन्हीकडच्या साहेबांनी तोडगा काढला. समुद्रावरचा प्रत्येक लेख दोघांनी मिळून करायचा, आणि मजकुरावर दोघांची सही असल्याशिवाय तो छापायचा नाही. साहेब हात मिळवून मोकळे झाले. एका टेबलाशी बसणं आलं ते या दोघांच्या वाट्याला.

कचेरीने त्याचं बारसं पहिल्याच दिवशी केलं. नाव ठेवलं 'बहुधा'.

"पाणी किती वाढणार?" कात्रीने विचारलं.

"बहुधा अर्धा मीटर. थोडं कमी, बरंच जास्तही. आपण काय करतो त्यावर आहे."

"वाचकाला एक आकडा लागतो."

"मग वाचकाला खोटं सांगा."

"तुमचं खरं चौघांनी वाचलंय. त्यातल्या दोघांनी ते लिहिलंय."

"तुमचं हजारोंनी वाचलंय," तो चष्मा पुसत म्हणाला, "आणि ते सगळे चुकीचं शिकलेत."

पलीकडच्या टेबलांवर कोणी हसू दाबलं. तिने त्याचं पहिलं पान त्याच्या देखत उभं कापलं.

या लेखासाठी ती एवढी का झगडते आहे, हे तिने त्याला सांगितलं नाही. खाडीकडच्या गल्लीत तळमजल्यावर तिची आई एकटी राहायची. उधाणाच्या भरतीला हल्ली पाणी उंबरठ्याला लागत होतं. 'माझ्याकडे चल, तिसऱ्या मजल्यावर,' म्हणून कात्रीने घसा कोरडा केला होता. शेवटी आई म्हणाली होती, "तुझ्या तोंडावर माझा विश्वास नाही. लहानपणापासून काटछाट करूनच सांगतेस. पेपरात येऊ दे, मग येते." आणि लेख छापायला जायच्या आठवड्यात तिने खरोखरच भांडीकुंडी बांधायला घेतली होती.

शब्दाशब्दावर भांडून एकदाचा मजकूर ठरला. दोघांनी सही केली. लेखासोबतच्या नकाशाकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही, कारण करारात फक्त मजकूर होता आणि चित्र म्हणजे त्याच्या लेखी सजावट. नकाशा मात्र त्यानेच काढून दिला होता. जिथे पाणी नक्की चढणार तिथे गडद निळा, जिथे बहुधा चढेल तिथे अगदी फिका.

संध्याकाळी पान लावताना कात्रीला तो फिका निळा खटकला. पेपरच्या कागदावर असला रंग शाई सांडल्यासारखा दिसतो, हे तिला वर्षानुवर्षं ठाऊक. तिने तो पुसला. गडद ठेवला. नकाशा नेटका झाला. फिक्या रंगाखाली कोणत्या गल्ल्या होत्या, ते बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

सकाळी आईचा फोन आला.

"भिंग लावून बघितलं. निळं पोस्टापाशीच संपतंय. आपलं घर पोस्टाच्या पलीकडे. भांडी परत फळीवर लावली."

कात्रीने त्याचा मूळ नकाशा उघडला. फिका निळा आईच्या दारावरून पुढे गेला होता.

बहुधा आला तो पेपर टेबलावर आपटूनच. "कोणी पुसलं हे?"

"मी. एवढं फिकं रंगवलंत कशाला? छापून दिसलं तरी असतं का ते?"

"खात्री कमी म्हणून रंग कमी. एवढं कळत नाही?"

"नाही कळत. माझ्या आईलाही कळलं नाही. ती तिथे राहते."

माफी त्यानेही मागितली नाही, तिनेही नाही. संपादक दुरुस्ती छापायला तयार नव्हते. त्यांच्या दालनात दोघे पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. दोन दिवसांनी आतल्या पानावर पूर्ण नकाशा आला. फिक्या निळ्याच्या जागी या वेळी ठसठशीत रेघा होत्या.

तो घेऊन ती आईकडे गेली. बहुधाही मागोमाग आला. तिने बोलावलं नव्हतं.

"हा कोण?" आईने दारातूनच विचारलं.

"रंग फिका भरणारा."

"आणि ही पुसणारी," तो म्हणाला.

आईने दोन्ही पेपर शेजारी शेजारी धरले. "परवा कोरडं, आज ओलं. उद्या काय? आधी तुमचं तुम्ही ठरवा."

"आई, आजचं बरोबर आहे."

"परवाही तू हेच म्हणाली असतीस."

आईने पेपर घडी करून बाजूला टाकले आणि कपाटाकडे बोट दाखवलं. "मी येत नाही. आलाच आहात तर हे उचलून विटांवर ठेवा. माझ्याने होत नाही."

एक बाजू त्याने धरली, एक तिने.

"किती विटा?" ती धापा टाकत म्हणाली.

"बहुधा दोन. तीन असल्या तर..."

"एक आकडा सांगा."

"तीन."

तिने तीन सरकवल्या. मग त्याच्याकडे न बघता एकेका कोपऱ्याखाली चौथी घातली. त्याने कपाट आणखी वर धरलं.

"झालं?" आई म्हणाली. "आता निघा. भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा."