विहीणबाईंची भाषा

मुलानं पोर्तुगालमधली मुलगी केली. लग्नही तिकडेच झालं. विहीणबाईंना आमचं अक्षर कळेना, आम्हाला त्यांचं. तेव्हा आमचे हे म्हणाले, "आपण शिकू की. वेळ नुसता पडून आहे." हे पोफळीच्या वीजकेंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, मी शाळेतून. मडगावची एक मुलगी रोज संध्याकाळी मोबाइलवर शिकवायची. रत्नागिरीच्या घरात आम्ही दोघं तिच्यासमोर बसू लागलो.

ह्यांना व्याकरणापेक्षा शब्दांत रस. चावी, परात, घमेलं तिकडूनच आलेलं ऐकून खूश झाले. त्या भाषेत लिंगं दोनच आहेत हे कळल्यावर त्यांनी तिला विचारलं, "मग मूल कुठं घालता?"

"स्त्रीलिंगात. मुलगा असला तरी."

त्यावर हे जेवताना परत हसले.

गणपतीनंतर एका सकाळी चहा पिऊन हे अंगणात गेले आणि तिथेच पडले. मुलगा आला, दिवसकार्य करून परत गेला. मी पुन्हा वर्गाला बसले. शेजारी म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. त्या वेळेला त्या खुर्चीवर बसायची सवय होती, म्हणून बसले.

त्या दिवशी 'असणे' शिकायचं होतं. त्यांच्याकडे त्याला दोन क्रियापदं. कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'इश्तार'. मी बाई आहे, ते सेर. मी दमलेली आहे, ते इश्तार.

मी विचारलं, "आणि माणूस मेलेला असेल तर?"

ती म्हणाली, "इश्तार, काकी."

"ते तर कायमचं ना?"

"हो. पण तसंच म्हणतात."

मी लिहून घेतलं. वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. गॅसवर भात होता, तो बंद करून आले.

मग एकदा विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "कोमु इश्ता?" त्यांनी विचारलं. कशा आहात?

"इश्तो बें," मी म्हटलं. बरी आहे. दुसरं उत्तर अजून शिकवलं नव्हतं.

त्या रडू लागल्या. मी बघत राहिले, दुसऱ्या कुणाच्या घरात काही चाललंय तसं.

थंडीत त्या मुलाबरोबर आल्या. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन त्यांनी, कल्ले उचलून बघत, खुणांनीच भाव करून बांगडे घेतले. थोडे त्यांनी नुसतं मीठ लावून भाजले, उरलेल्यांचं मी कालवण केलं. जेवताना मुलगा म्हणाला, "आई, त्या विचारतायत, बाबांना बांगडा कसा आवडायचा?"

मी मराठीतच सांगू लागले. तिरफळं ठेचून घालायची, चिंच बेतानं, आणि कालवण दुसऱ्या दिवशीचं हवं. बोलता बोलता मी आणखी बरंच काही बोलत गेले, बांगड्याशी ज्याचा संबंध नव्हता असं. मुलानं भाषांतर करायचं सोडून दिलं. तरीही विहीणबाई माझ्याकडे बघत ऐकत होत्या. ताटातलं सगळं निवलं.

दुपारी त्या ओटीवर चटई टाकून झोपल्या. पाय उघडे होते. मी आतून ह्यांची चादर आणून त्यांच्या पायांवर घातली आणि पायरीवर बसले. आंब्याच्या कलमांना मोहोर आला होता. फवारणीला माणूस सांगायचा राहिला होता, ते तेव्हा लक्षात आलं.